लिमिट काढताना सांतत्य कसं वापरायचं? सीमाभागातल्या पीयूसीच्या मुलांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात. कर्नाटकात अकरावी-बारावीला पीयूसी म्हणतात. फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलं की गणित एकदम इंग्रजीत सुरू होतं आणि शंका विचारायची भाषा मात्र मराठीच राहते. लिमिटच्या धड्यात हे सगळ्यात जास्त जाणवतं, कारण तिथे आकडेमोड सोपी आणि कारण अवघड असतं. त्या कारणाबद्दल मुलं जे वारंवार विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

वर्गात ज्याला कंटिन्युअस म्हणतात त्याला इथे संतत म्हटलं आहे आणि कंटिन्युइटीला सांतत्य. चलासाठी क्ष, फंक्शनसाठी फ आणि ग ही अक्षरं घेतली आहेत.

सर, क्षच्या जागी किंमत घातली की उत्तर येतंच. मग लिमिट हा वेगळा प्रकार कशाला?

हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत म्हणून. "क्ष = अ असताना फ(क्ष) किती?" हा एक प्रश्न. "क्ष हा अच्या जवळ जवळ जातो, पण अ नसतो, तेव्हा फ(क्ष) कशाच्या जवळ जातो?" हा दुसरा. लिमिट हे दुसऱ्याचं उत्तर आहे. त्यात अ या जागी काय आहे ते बघितलंच जात नाही. तिथे फंक्शनची व्याख्या नसली तरी चालतं.

पावसाळ्यात बेळगावच्या पेपरात राकसकोप जलाशयाची पाणीपातळी रोज छापून येते. समजा सकाळी आठची नोंद पुसली गेली, पण आठच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या नोंदी हातात आहेत. आठच्या जितक्या जवळच्या नोंदी घ्याल तितका आठच्या पातळीचा अंदाज नेमका होत जाईल, कारण पाणी एका क्षणात एक फूट उडी मारत नाही. आजूबाजूच्या नोंदी जे सुचवतात ते लिमिट, आणि आठला मोजपट्टीवर प्रत्यक्ष दिसली असती ती फंक्शनची किंमत. या दोन्ही एकच असणं यालाच सांतत्य म्हणतात.

आजूबाजूवरून निघालेलं उत्तर आणि त्या जागेची किंमत जिथे जुळतात, तिथे एकाच्या ऐवजी दुसरं वापरता येतं. सरळ किंमत घालणं म्हणजे हेच. तो शॉर्टकट नाही, सांतत्यामुळे मिळालेला हक्क आहे, आणि प्रत्येक गणितात तो आहे की नाही हे आधी बघावं लागतं.

हा हक्क आहे हे नेमकं कधी म्हणायचं?

तीन गोष्टी एकदम खऱ्या असल्या तर: फ(अ) ला व्याख्या आहे, क्ष→अ असताना लिमिट अस्तित्वात आहे, आणि ते लिमिट फ(अ) इतकंच आहे. तिसरी गोष्ट मुलं विसरतात. पहिल्या दोन खऱ्या असून तिसरी खोटी असण्याचं एक चांगलं उदाहरण खाली पूर्णांक फंक्शनच्या प्रश्नात आहे.

प्रत्येक फंक्शनसाठी या तीन गोष्टी तपासत बसायचं का?

नाही. काही कुटुंबं एकदा लक्षात ठेवायची. बहुपदी सगळीकडे संतत असते. साइन, कोसाइन आणि ई^क्ष सगळीकडे. |क्ष| सगळीकडे. लॉग क्ष हा क्ष > ० असताना. टॅन क्ष हा जिथे कोसाइन शून्य होतो त्या जागा सोडून. दोन बहुपदींचा भागाकार, छेद शून्य होतो त्या जागा सोडून. संतत फंक्शनांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार संतत राहतात. भागाकारही राहतो, छेद शून्य नसला की. एकात एक घातलेली संतत फंक्शनंही संततच.

म्हणून

लिम (क्ष→२) (क्ष³ − ५क्ष + १) / (क्ष² + ३)

इथे बघायचं एवढंच, की छेद २ला शून्य होतो का? तो ७ होतो. म्हणजे फंक्शन तिथे संतत आहे आणि उत्तर (८ − १० + १)/७ = −१/७.

वर्गमुळाच्या बाबतीत कडेची जागा सांभाळा. √(क्ष − २) हे २च्या डावीकडे अस्तित्वातच नाही, त्यामुळे तिथे उजवीकडचं लिमिट घ्यायचं. ते ० आहे.

सांतत्याची व्याख्या लिमिटवरून करतात आणि मग सांतत्यावरून लिमिट काढतात. हे गोल गोल फिरणं नाही का?

ज्याला हा प्रश्न पडतो त्याला धडा कळायला लागला आहे. वर्गात विचारायला मुलं कचरतात, पण विचारलाच पाहिजे असा हा प्रश्न आहे.

गोल फिरणं तेव्हा झालं असतं, जेव्हा "लिमिट ८ आहे, कारण फंक्शन संतत आहे" आणि "फंक्शन संतत आहे, कारण लिमिट ८ आहे" ही दोन वाक्यं एकमेकांवर टेकून उभी असती. तसं होत नाही. मोजक्या मूळ फंक्शनांचं सांतत्य किंमत न घालता, थेट व्याख्येवरून सिद्ध केलेलं असतं.

फ(क्ष) = ३क्ष + २ घ्या आणि क्ष→२. लिमिट ८ आहे असा दावा आहे. ८ पासूनचं अंतर मोजू:

|३क्ष + २ − ८| = |३क्ष − ६| = ३|क्ष − २|

उत्तर ८ पासून ०.०३च्या आत हवं असेल तर क्षला २ पासून ०.०१च्या आत ठेवा. ०.००३च्या आत हवं असेल तर ०.००१च्या आत. समोरच्याने कितीही लहान अंतर मागितलं तरी त्याचा तिसरा हिस्सा घेऊन आपण ते देऊ शकतो. सिद्धता संपली, आणि "२ घातले की ८ येतात" हे कारण तिच्यात कुठेच वापरलं नाही.

साइनचंही असंच होतं:

साइन क्ष − साइन अ = २ · कोसाइन((क्ष + अ)/२) · साइन((क्ष − अ)/२)

कोसाइन कधी १ पेक्षा मोठा होत नाही, आणि कोन रेडियनमध्ये असेल तर साइन त्या कोनापेक्षा मोठा होत नाही. चिन्ह बाजूला ठेवून बघितलं तर उजवी बाजू |क्ष − अ| पेक्षा जास्त होऊच शकत नाही. क्ष जसा अकडे सरकतो तसा साइन क्ष हा साइन अकडे सरकणं भाग आहे.

हे एकदा झालं की बेरीज, गुणाकार, भागाकाराचे लिमिटचे नियम लावून बहुपदी आणि पुढची सगळी फंक्शनं बांधता येतात. आपण परीक्षेत किंमत घालतो तेव्हा त्या तयार बांधकामावर उभे असतो.

हा गोंधळ आपल्याकडे जरा जास्त होण्याचं एक साधं कारण अभ्यासक्रमातही आहे. कर्नाटकात पीयूसीला एनसीईआरटीची गणिताची पुस्तकं आहेत. त्यांत लिमिट फर्स्ट पीयूला येतं आणि सांतत्य सेकंड पीयूला. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात हे दोन्ही धडे लागोपाठ आहेत, त्यामुळे पलीकडे चंदगड-गडहिंग्लजला शिकणाऱ्या मुलाला दुवा लगेच दिसतो. आपला मुलगा पूर्ण एक वर्ष सांतत्याचं नाव न घेता सांतत्य वापरत असतो. "बहुपदीचं लिमिट म्हणजे तिची त्या जागेची किंमत" हे फर्स्ट पीयूचं वाक्य म्हणजे बहुपदी संतत असते हेच विधान आहे. सेकंड पीयू सुरू झाल्यावर एका संध्याकाळी फर्स्ट पीयूचा लिमिटचा धडा परत उघडा. प्रत्येक उदाहरणात सांतत्य कुठल्या ओळीत लपलं आहे ते पेन्सिलीने खूण करत जा. त्या एका बैठकीने दोन्ही धडे जागेवर बसतात.

किंमत घातली आणि ०/० आलं. म्हणजे लिमिट नाही?

०/० हे उत्तर नाही. या रूपात किंमत घालायचा हक्क नाही एवढंच ते सांगतं. लिमिट असू शकतं, नसूही शकतं.

इथे काम करण्याची रीत अशी: ज्या जागी अडलंय ती सोडून बाकी सगळीकडे जुळणारं, पण त्या जागी संतत असलेलं दुसरं फंक्शन शोधायचं. एक गणित ओळीओळीने बघू.

लिम (क्ष→०) (√(क्ष + ४) − २) / क्ष

किंमत घातली तर ०/०. म्हणून वर-खाली √(क्ष + ४) + २ ने गुणू. अंशात (क्ष + ४) − ४, म्हणजे क्ष उरतो:

= लिम (क्ष→०) क्ष / [क्ष(√(क्ष + ४) + २)]

= लिम (क्ष→०) १ / (√(क्ष + ४) + २)

= १ / (२ + २) = १/४

दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर जाताना क्षने क्ष काटला. तो काटता येतो, कारण लिमिटमध्ये क्ष शून्याच्या जवळ असतो, शून्य नसतो. या दोन ओळींतली फंक्शनं एकच नाहीत. पहिल्याला ० या जागी व्याख्या नाही, दुसऱ्याला आहे. पण लिमिट त्या जागेकडे बघतच नाही, म्हणून दोघांचं लिमिट एकच. शेवटच्या ओळीत मात्र आपण ० घातला, आणि तो घालता आला तो सांतत्यामुळे: वर्गमुळ ४ जवळ संतत आहे आणि छेद शून्य होत नाही.

म्हणजे बीजगणिताने गाठ सोडवली आणि उत्तर सांतत्याने दिलं. अवयव पाडणं असो, परिमेयीकरण असो, त्रिकोणमितीचं सूत्र असो, शेवटची ओळ नेहमी सांतत्याचीच असते.

आणि ५/० आलं तर?

तिथे काटाकाट करून काही निघत नाही, सांत, म्हणजे ठरावीक संख्या असलेलं, लिमिट नाहीच. १/(क्ष − २)² हे २च्या दोन्ही बाजूंनी धन अनंताकडे जातं. १/(क्ष − २) मात्र एका बाजूने ऋण आणि दुसऱ्या बाजूने धन अनंताकडे. चिन्ह तपासून तसं लिहा.

लिम हे चिन्ह फंक्शनच्या आत ढकलता येतं असं ऐकलंय. कधीही?

बाहेरचं फंक्शन संतत असेल तेव्हा. नियम असा: क्ष→अ असताना ग(क्ष) चं लिमिट ल असेल आणि फ हे ल या जागी संतत असेल, तर फ(ग(क्ष)) चं लिमिट फ(ल).

यात आतल्या गकडून सांतत्य मागितलेलंच नाही, फक्त लिमिट मागितलं आहे. ही सवलत मोठी आहे. उदाहरण:

लिम (क्ष→१) कोसाइन[ (पाय/२) · (क्ष² − १)/(क्ष − १) ]

आतल्या भागाला १ या जागी व्याख्याच नाही. पण त्याचं लिमिट (पाय/२) · २ = पाय आहे, कोसाइन सगळीकडे संतत आहे, म्हणून उत्तर कोसाइन पाय = −१. तसंच लॉग(साइन क्ष / क्ष) हे क्ष→० असताना लॉग १ = ० कडे जातं.

(१ + क्ष)^(१/क्ष) चं प्रसिद्ध लिमिटही असंच निघतं. आधी लॉग (पाया ई) घ्या: लॉग(१ + क्ष)/क्ष, याचं लिमिट १. मग ई^ या फंक्शनच्या सांतत्यामुळे मूळ लिमिट ई^१ = ई. शेवटची पायरी सांतत्याची आहे हे लिहिल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही.

बाहेरचं फंक्शन संतत नसलं तर काय बिघडतं? फ(उ) = ५ घ्या, उ ≠ ० असताना, आणि फ(०) = १. आत ग(क्ष) = क्ष · साइन(१/क्ष). शून्याजवळ गचं लिमिट ० आहे. पण शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी ग पुन्हा पुन्हा नेमका ० होतो आणि अधेमध्ये ० नसतो. त्यामुळे फ(ग(क्ष)) हा १ आणि ५ यांच्यात उड्या मारत राहतो, लिमिट नाही. फचं लिमिट ५ असूनही!

तुकड्यांत दिलेल्या फंक्शनमध्ये "क शोधा" असं असतं. तिथे सांतत्य कसं लावायचं?

सेकंड पीयूच्या पेपरात हे हमखास दिसतं. समजा क्ष < ३ असताना फ(क्ष) = क्ष² + क, आणि क्ष ≥ ३ असताना फ(क्ष) = ४क्ष − १. फंक्शन ३ला संतत हवं आहे.

दोन्ही तुकडे बहुपदी आहेत, म्हणून एका बाजूचं लिमिट त्या त्या तुकड्यात किंमत घालून मिळतं. डावीकडून ९ + क. उजवीकडून ११. फ(३) सुद्धा ११. तेव्हा ९ + क = ११, क = २. डावीकडच्या लिमिटसाठी उजवीकडचा तुकडा वापरला जाणं ही इथली नेहमीची चूक, म्हणून आधी कच्ची संख्यारेषा काढून कुठे कुठला तुकडा ते लिहून घ्या.

[क्ष], म्हणजे क्षपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक, यात किंमत घातली तर?

पूर्णांक नसलेल्या जागी खुशाल घाला. २.५ जवळ [क्ष] सगळीकडे २च आहे, लिमिट २. पूर्णांकावर मात्र तो तुटतो: ३च्या डावीकडे २, उजवीकडे ३, लिमिट नाही.

आता हे बघा, मला अतिशय आवडणारं उदाहरण आहे:

फ(क्ष) = [क्ष] + [−क्ष], क्ष→३

३ घातला तर ३ + (−३) = ०. म्हणून उत्तर ० लिहायचं का? ३.१ घ्या: [३.१] = ३, [−३.१] = −४, बेरीज −१. २.९ घ्या: २ + (−३) = −१. ३च्या दोन्ही बाजूंना कितीही जवळ गेलात तरी −१च. लिमिट −१ आहे, किंमत ० आहे. ०/० नाही, छेद नाही, कुठे काही अडलं नाही, किंमत छान आली, आणि ती चुकीची आहे. आधी सांतत्य विचारा, मग किंमत घाला, असा जो आग्रह आहे तो या एका गणितासाठीसुद्धा धरण्यासारखा आहे.

पेन न उचलता आलेख काढता येतो ते संतत, ही व्याख्या चालेल का?

डोळ्यांपुढे चित्र यायला ठीक, पेपरात नको. १/क्ष चा आलेख दोन तुकड्यांत आहे, तरी शून्य सोडून जिथे जिथे त्याला व्याख्या आहे तिथे तो संततच आहे.

साइन क्ष / क्ष चं लिमिट १ हे सांतत्यावरून येतं का? लोपितालचा नियम लावला तर?

सांतत्यावरून येत नाही. ते क्षेत्रफळांची तुलना करून, दोन फंक्शनांमध्ये तिसरं कोंडून सिद्ध करतात. लोपितालचा नियम, म्हणजे ०/० आलं की अंश आणि छेद यांचे वेगवेगळे विकलज (डेरिव्हेटिव्ह) घेऊन लिमिट काढणं, लावला तर खरोखरच गोल फिरणं होतं, कारण साइनचा विकलज कोसाइन आहे हे सिद्ध करतानाच हे लिमिट लागतं. एकदा ते माहीत झालं की ० या जागी फंक्शनची किंमत १ ठरवून टाका. भोक बुजतं आणि फंक्शन तिथे संतत होतं.

क्ष अनंताकडे जातो तेव्हा काय घालायचं?

अनंत ही संख्या नाही, घालता येत नाही. उ = १/क्ष घ्या, मग उ धन बाजूने ० कडे जातो.

(३क्ष² + क्ष)/(२क्ष² − ५) = (३ + उ)/(२ − ५उ²)

उजवीकडचं फंक्शन उ = ० ला संतत आहे, उत्तर ३/२. सगळ्यात मोठ्या घाताने भागा असं सांगतात त्यामागे हेच आहे.

ही व्याख्या कुणी बसवली?

कॅल्क्युलस सतराव्या शतकापासून वापरात होता, पण सांतत्याची नेमकी व्याख्या पुष्कळ उशिरा आली. प्रागमधले धर्मगुरू आणि गणिती बोल्झानो यांनी १८१७ मध्ये आणि फ्रान्सच्या कोशी यांनी १८२१ मध्ये ती मांडली. वर ०.०३ आणि ०.०१ असा जो हिशेब केला, त्याला एप्सिलॉन-डेल्टाचं आजचं काटेकोर रूप पुढे जर्मनीच्या वायरश्ट्रास यांनी दिलं.

पेपरात नेमकं काय लिहायचं? मराठी माध्यमातून आल्यामुळे वाक्य सुचत नाही.

एकच वाक्य पाठ करा आणि फंक्शनप्रमाणे नाव बदला: "सिन्स द फंक्शन इज अ पॉलिनॉमियल, इट इज कंटिन्युअस ॲट दिस पॉइंट." त्यानंतर किंमत घाला. वह्या तपासताना एक गोष्ट फार दिसते. काही मुलं लिम हे चिन्ह दुसऱ्याच ओळीत सोडून देतात, काही मुलं क्षच्या जागी संख्या घातल्यावरही ते लिहीत राहतात. क्ष आहे तोवर लिम, क्ष गेला की लिम गेलं.

केसीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या कोर्ससाठीच्या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत, गणिताच्या ६० प्रश्नांना ८० मिनिटं असतात, तिथे वाक्य लिहायचं नसतं. छेदावर आणि तुकड्यांच्या जोडावर नजर टाकायची, अडचण नसेल तर किंमत घालून पुढे जायचं. मनात मात्र प्रश्न तोच.

पुढे इंजिनिअरिंगला याचा काही उपयोग?

पहिल्या दिवसापासून. विकलजाची व्याख्या म्हणजेच दर वेळी ०/० येणारं लिमिट. क्ष² साठी ((क्ष + ह)² − क्ष²)/ह, काटल्यावर २क्ष + ह, आणि मग ह = ० घालून २क्ष. तो ० घालता येतो, कारण २क्ष + ह हे हच्या दृष्टीने संतत आहे.

सरावाला काही गणितं द्या.

१) क्ष→−१, (क्ष³ + २)/(क्ष² + १)
२) क्ष→४, (√क्ष − २)/(क्ष − ४)
३) क्ष→०, ई^(साइन क्ष / क्ष)
४) क्ष→२, |क्ष − २|/(क्ष − २)
५) क्ष→१, [क्ष] · (क्ष − १)

उत्तरं: १/२, १/४, ई, लिमिट नाही, कारण डावीकडून −१ आणि उजवीकडून १, आणि पाचव्याचं ०. पाचव्यात [क्ष] हे १ला तुटलेलं आहे, म्हणून "संतत गुणिले संतत" हे कारण लिहिता येणार नाही. डावीकडून ० · (क्ष − १) आणि उजवीकडून १ · (क्ष − १) असं वेगवेगळं काढा. दोन्ही ० येतात, १ या जागेची किंमतही ० आहे, म्हणजे एक अवयव तुटका असूनही हा गुणाकार तिथे संतत आहे.